नवटाक

शेराचे आठ भाग करावेत, त्यातला एक.
दोन छटाक. पावशेराचं अर्धं.
हे मला शाळेत कळलं. बाबा असं सांगत नसे.
तो म्हणे, "चार मानसाच्या घरची दोन दिवसाची फोडनी.
बाई हाताची धरून असली तं तीन."

नवटाकभर जवसाचं, नवटाकभर तिळाचं.
कोंडबा वाढई एरंडीचं नेई, बंडीच्या आसाला.
सुगंधा सुईण बाळंतिणीला रगडून उरलेलं
शिशीच्या तळातून बोटानं काढी
आणि स्वतःच्या भेगाळलेल्या टाचेला लावी.
पोळ्याला एका जोडीची चारी शिंगं
एका नवटाकात चकचकत.
नाल्यापलीकडे मोहाच्या भट्टीवरही हेच माप, हेच नाव.
तिकडून डुलत येणाऱ्याला बाबा विचारी,
"कोन्त्या नवटाकाचा हायेस बे आज?"

आमचं माप पितळेचं.
उभा लांब दांडा, वर आकड्यासारखा वाकलेला,
डब्याच्या काठाला अडकून राहायचा.
पोटाला एक पोचा.
तो माझा. दीड वर्षाची होते तेव्हा
घाण्याच्या दगडावर मी ते आपटत बसले होते म्हणे,
अख्खी दुपार, आणि कोणी उचललं नाही,
कारण मी रडत नव्हते.

पोचा आत गेला तेवढं तेल बाहेर राहिलं.
बाबाला ठाऊक होतं.
माप रितं केलं की तो पुन्हा डब्यात बुडवी,
आणि वरून एक धार सोडी,
मोजल्याविना, शिशीच्या तोंडात बरोब्बर.
गिऱ्हाईक मापाकडे बघतच नसे, धारेकडे बघे.

आर्वीहून जीपमधून वजनमापवाले आले.
काचेच्या नळीत पाणी ओतलं, डोळा बारीक केला.
कमी भरलं. पंधरा रुपये दंड.
"धार मोजली का साहेब?"
साहेबानं कागद उलटून पाहिला.
तिथे धारेसाठी रकाना नव्हता.

नारायण तांबटकर म्हणाला,
दे, दोन ठोक्यांत पोचा काढतो.
बाबानं दिलं नाही.
"मंग धार कोन्त्या तोंडानं देऊ?"

आता घाण्याच्या जागी माझं किराणा दुकान.
अर्धा लिटर, एक लिटर, पाऊच,
कोपऱ्यावर बारीक अक्षरांत वजन छापलेलं, बिनचूक.
माप खिळ्याला टांगलंय,
त्यात मी सुटे पैसे ठेवते.

चिंधाबाई अजून स्वतःची शिशी घेऊन येते.
मी पाऊच कातरते, नरसाळ्यातून ओतते,
शेवटचा थेंब पडतो.
ती शिशी मागे घेत नाही.
तशीच धरून उभी राहते, नजर वर,
काही बोलत नाही.

मी पाऊच उलटं करते.
दोन बोटांत धरून
वरपासून खालपर्यंत पिळते.