दीड मूठ वर

जिन्याखालच्या फळ्याचा डावा कोपरा माझा.
उरलेला शिष्यवृत्तीचा, हरवलेल्या ओळखपत्रांचा,
आणि एका जुन्या रक्तदान शिबिराचा,
ज्याची तारीख पुसायचं कुणीच मनावर घेतलं नव्हतं.

प्रथम वर्ष, खगोलशास्त्राची तोंडओळख.
बावीस नावं.
पहिल्याच तासाला सांगून ठेवलं,
पुस्तक वर्षभर तेच राहील, आकाश राहणार नाही.
येता-जाता फळा बघत जा.

मग लिहीत राहिलो.
"आज रात्री आठ, गच्चीवर. स्वेटर आणा.
विजेरीला पतंगाचा लाल कागद लावा."
"आज ढग. उद्या बघू."
"आजही ढग."
"शुक्रवारी भारनियमन, साडेसात ते दहा.
उदगीर अंधारात असेल. नक्की या."
रज्जाकमामू किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन
गच्चीच्या दारात बसायचे
आणि वर न बघताच सांगायचे,
"सर, ढग येऊलालेत."
यायचेच.

शिवकांता बिरादार गच्चीवर कधी आली नाही.
वाढवण्याची शेवटची एसटी साडेपाचला.
तिच्या नावापुढे रात्रीच्या रकान्यात
मी फुली मारली, तीनदा.
चौथ्यांदा पेन थांबलं.
आकाश काय फक्त कॉलेजच्या गच्चीवर उगवतं?

तेव्हापासून फळ्यावर दोन सूचना,
एक गच्चीवाल्यांसाठी, एक एसटीवाल्यांसाठी.
दुसरी सहाजणांनी उतरवून घ्यायची
आणि आपापल्या गावातून बघायचं.

बारा डिसेंबरला घाई होती.
परीक्षेचे तक्ते, त्यात प्राचार्यांचं बोलावणं.
मागच्या वर्षीचा कागद काढला,
तारीख तेवढी बदलून फळ्यावर चढवला :
"रात्री साडेआठ. पूर्वेला तोंड.
हात ताठ, मूठ बंद, मुठीची खालची कड क्षितिजावर.
दीड मूठ वर
मृगाच्या पोटातले तीन तारे, उभे."

दुसऱ्या दिवशी टेबलावर घडी घातलेलं पान,
वहीच्या मधलं, पिनांची भोकं पडलेलं :
"सर, तिकांडं दिसलं. आमच्यात त्याला तिकांडं म्हणतात.
पण दीड मूठ नव्हतं, पावणेतीन भरलं.
माझी मूठ लहान असेल म्हणून
भावाच्या मुठीनं मोजलं. तेवढंच आलं.
माझं काय चुकलं?"

हात लहान तर मूठही लहान, माप तेच राहतं,
हे मी अजून शिकवायचं होतं.
तिने भावाला थंडीत उभं करून
आधीच तपासून टाकलं होतं.

कागद पुन्हा काढला.
कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक : अठ्ठावीस नोव्हेंबर.
म्हणजे चौदा दिवस. रोज चार मिनिटं लवकर.
छप्पन्न मिनिटं.
तारे वेळेवर निघून गेले होते
आणि मी गेल्या वर्षीचं वेळापत्रक धरून
स्टँडवर उभा.
चार मिनिटांचा तो धडा
सप्टेंबरात मीच दिला होता, चौकटीत लिहून,
खाली दोन रेघा मारून.

दुपारी फळ्यावर :
"दुरुस्ती. कालच्या सूचनेतली दीड मूठ चूक.
पावणेतीन बरोबर.
मोजणी : शिवकांता बिरादार, वाढवणा.
चूक : माझी."

रज्जाकमामूंनी ओठ हलवत वाचलं.
"सर, शेवटची ओळ पुसू का? पोरं हसतील."
राहू द्या म्हटलं.
पोरं हसलीच. चार दिवस.

त्यानंतर टेबलावर कागद यायला लागले.
एकाच्या मागे खताचा हिशेब होता, पुढे :
"पहाटे पाणी द्यायला उठलो. उत्तरेला बाज वर आलती.
तीन चोरांतला मधला दोन दिसतो.
खरंच दोन आहे का माझे डोळे गेले?"
दोन आहे, कळवलं. डोळे चांगले आहेत.
ते सगळ्यांनाही कळवावं म्हणून फळ्याकडे गेलो
तर जागा नव्हती.
रज्जाकमामूंनी ओल्या फडक्याने
रक्तदान शिबीर पुसून दिलं.

जानेवारीत एकदा सवयीने लिहिलं,
"आज ढग. उद्या बघू."
सकाळी येऊन बघतो तर खाली
दुसऱ्याच अक्षरात, खडू जोरात दाबून :
"आमच्याकडं नव्हते."