वरच्या खोलीतला मुलगा

माझं काम एवढंच, की कुणाला काय झालं होतं ते विसरू द्यायचं नाही.
कुणाच्या डाव्या भुवईवर व्रण आहे, कुणाला अंडं चालत नाही,
कुणाचा बाप कुठल्या भागात वारला
आणि कुठल्या भागात तो वारलाच नव्हता असं निघालं.

कार्नार्व्हनच्या बाहेर मेंढ्यांच्या कुरणाला लागून
आमच्या मालिकेचं गाव उभं आहे.
सात घरांच्या सात भिंती, मागे लाकडी टेकू.
पाऊस तेवढा खरा, आणि तो चित्रीकरणाच्या वेळा पाळत नाही.

इथेल जन्मला तेव्हा दोन जुळ्या मुली आळीपाळीनं इथेल होत होत्या.
एक नुसती झोपायची.
रडण्याचा प्रसंग असेल तर मेरेरिडला बोलवा,
ही त्याच्याबद्दलची माझी पहिली नोंद.

सातव्या वर्षी त्याला वरच्या खोलीत पाठवलं.
पोराचं काय करावं हे लेखकांना सुचेना की
ते त्याला जिन्यावरून वर पाठवतात, गृहपाठ कर म्हणून.
खाली हेलेदनं, त्याच्या आईनं, दुसरा नवरा केला,
पोस्टमननं कबुली दिली, तिच्या पबला आग लागली,
सगळं गाव रस्त्यावर उभं राहून बघत होतं, भाग चारशे बारा,
आणि वरून एकदाही कुणी विचारलं नाही
जेवायला काय आहे.

मी चिठ्ठी पाठवली: पब जळत असताना इथेल वर होता.
त्याला बाहेर कुणी काढलं?
उत्तर आलं नाही. मी फाईलमध्ये प्रश्नचिन्ह ठेवलं.

दोन वर्षांनी तो जिना उतरून आला
तेव्हा वीतभर उंच झाला होता, आणि डोळे घारे.
आधीचे काळे होते.
तीही चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं: प्रकाशयोजना.

हा नवा इथेल म्हणजे इद्वाल, बेथेस्डाच्या एका प्लंबरचा मुलगा.
वाक्यं पाठ, पण हात कुठे ठेवावेत ते कळायचं नाही.
सोळाव्या वर्षी, प्रेक्षक घटले म्हणून, त्याला बिघडवायचं ठरलं.
त्यानं चॅपलची दानपेटी फोडली,
सावत्र बापाची गाडी नदीत घातली,
एका मुलीला खोटं सांगितलं आणि नंतर तेच खरं करून दाखवलं.
डोल्गेथ्लायच्या एका बाईंनी राखाडी मफलर विणून पाठवला.
इद्वालला नाही, इथेलला.
सोबत ओळ: पोरा, तुझ्याकडे कुणी बघत नाही म्हणून तू असा वागतोस.
पाकिटावर पत्ता आमच्या सात भिंतींचा.
पोस्टानं तो बरोबर पोचवला.

मग भाग अकराशे त्रेसष्ट. गॅरेज पेटतं, आत सावत्र बाप,
पटकथेत दोन शब्द: इथेल धावतो.
आदल्या संध्याकाळी इद्वाल माझ्या केबिनमध्ये आला,
म्हणाला, जरा फाईल बघू?
ओल्या बुटांनी उभ्यानंच वाचत राहिला.
एका पानावर बराच वेळ थांबला.
मी किटली ठेवली. आम्ही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी तो धावला,
आणि दारात थांबला.
धूर त्याच्या अंगावरून बाहेर येत होता,
दिग्दर्शकाचा हात अर्धा वर गेला होता.
इथेल आतल्या माणसाला म्हणाला, अगदी हळू,
बूम धरणाऱ्या पोरीलाच नीट ऐकू गेलं,
“मला न्यायला कुणी आलं नव्हतं.”
आणि मग आत गेला.

हे वाक्य कुणी लिहिलेलं नव्हतं.
गळ्यात मफलर होता, वेशभूषेच्या यादीत नसलेला.
चूक दाखवणं हे माझं काम.
मी पेन खाली ठेवलं.

रात्री फाईल उघडली.
प्रश्नचिन्ह तसंच आहे, ते माझ्यानं खोडवलं नाही.
त्याखाली लिहिलं: डोळे घारे, हे कायम.
पुढचे तीन भाग खोकला ठेवावा.
मफलरला धुराचा वास आहे.
धुवू नये.