डावीकडे

शेफील्ड म्हणजे सुऱ्या घडवणाऱ्यांचं गाव.
तिथे क्रुक्सच्या चढावर, भाड्याच्या न्हाणीघरात
सापडली ती गाठ.
हरभऱ्याएवढी. दुखत नव्हती,
म्हणूनच घाबरलो.

सोनोग्राफीत ती कांद्यासारखी दिसली,
पापुद्र्यावर पापुद्रा.
हे बरं लक्षण असू शकतं, मिस हॅडफील्ड म्हणाल्या,
आणि त्या 'असू शकतं'वर मी तीन आठवडे कूस बदलत राहिलो.

आईला सांगितलं, हर्निया.
काय करणार, मराठीत त्या जागेला
एक शब्द वैद्यकाच्या पुस्तकातला, बाकीचे शिवीतले;
आईशी बोलताना तोंडातून निघेल असा
एकही नाही.

संमतीच्या कागदावर होतं: गाठ काढू.
खाली, त्याच शाईत: गरज पडल्यास सगळंच.
सही एकच, दोन्हींना मिळून.
मग मांडीवर जांभळ्या पेनाने बाण.
चौघांनी विचारलं, डावीकडे ना?
चौथ्या वेळी माझीच खात्री डळमळली.

पुढचं ऐकीव आहे.
जांघेतून वर घेतलं म्हणे,
रक्तवाहिन्या चिमट्यात, भोवती बर्फाचा चुरा,
गाठ तेवढी सोलून काढली
आणि डबी घेऊन कुणी पोरगा जिना उतरत धावला.
खाली कुणी डॉक्टर ऑस्गर्बी.
त्यांनी ती गोठवली, कापली, रंगवली, पाहिली.
पंचवीस मिनिटं
वर सगळे नुसते उभे.
काय करत होतात, मी नर्सला विचारलं.
तिच्या बहिणीचं छत गळतंय, त्याबद्दल बोलत होतो, म्हणाली.

फोन आला: कातडीचा भुगा आहे,
जन्माआधीच वाट चुकून आत राहिलेला. साधा.
ठेवा परत.

ऑस्गर्बींना मी पाहिलेलं नाही.
बाई की बुवा, तेही ठाऊक नाही.
रिपोर्टखाली सही आहे, मुंगी चालल्यासारखी.

रविवारी आई: जड उचलू नकोस, वरण-भात खा.
मग फोनवर बाबा, जे कधी येत नाहीत.
चाळीसगावला गुरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं ड्रेसर.
किती गोऱ्हे त्यांनी चिमट्याखाली दाबून धरले असतील,
मी कधी विचारलं नाही.

टाके कुठे?
जांघेत.
बराच वेळ नुसता श्वास.
ठेवलंय ना?
ठेवलंय.
बरं, म्हणाले,
आईला देतो.