सड्यावरचा साग

गिरमिटच ते, पण पोकळ.
हाताने फिरवत आत घालायचं, कुरकुरत जातं.
व्हियोला कुतिन्हो, कॉलेजातली मुलगी,
पायात रबरी चपला, चष्म्यावर भुसा.
"काकी, झाडाला दुखत नाही हं," म्हणाली,
मी विचारलं नव्हतं तरी.

आधी तिने पानं पुसून घेतली होती कापसाने.
बंदराकडच्या पानांचा बोळा काजळाच्या डबीतून काढल्यासारखा,
मागच्या बाजूचा नुसता मळका.
सागाचं पान खरखरीत, हाती आलेलं सोडत नाही.
कोवळं चुरगळलं की बोटं लाल होतात,
लहानपणी आम्ही रक्त रक्त म्हणून ओरडत पळायचो.
आता बोटं आधी काळी होतात,
लाल मागाहून.

गिरमिटातून निघाली
पेन्सिलीहून बारीक काडी, तिच्यावर रेघा.
दोन रेघांमध्ये एक पावसाळा.
"कुठल्या साली काय झालं, आठवतं?
झाड वर्ष सांगतं. कारण नाही सांगत."

आठवतं तर.
बाबा धक्क्यावर कायम झाले, त्या साली लावला हा.
रात्रपाळी करून यायचे, आधी नळाखाली डोकं.
त्यांचा रुमाल आई वेगळा धुवायची, वेगळ्या बादलीत.
त्याच पगारात माझी फी, ही कौलं,
आणि एक निळी स्कूटर,
जी आमच्या आळीत पहिली.
रविवारी तिघं बसून बायणाला जायचो,
मी पुढे उभी, धूर मागे.

महिन्याने फोन आला.
कोळसा सालीत आहे, वरवर, खूप.
पण आतल्या रेघांत, काकी, शिसं सापडलं.
जुन्या पेट्रोलमधलं. ट्रकांचं, गाड्यांचं.
मी म्हटलं, स्कूटरचंही?
ती हसली. "स्कूटरचंही असेल की थोडं."

म्हणजे तो रविवारही ह्याने ठेवलाय,
निळा रंग सोडून बाकी सगळा.

भोकाभोवती आता साल ओठासारखी वळतेय.
केर काढताना रोज बघते, किती मिटलं.

बाबांचा छातीचा एक्स-रे कपाटात आहे,
साड्यांच्या खाली, पिवळ्या पाकिटात.
तारीख आहे त्याच्यावर.
तिने तारखाच मागितल्या होत्या.
तो मी काढला नाही.