निळी टेप

व्हर्नाने फरशीवर निळी टेप चिकटवली:
पाच फूट बाय अडीच.
"आठवडाभर इथं ओटा आहे असं समजून वावरा,
मग ठरवू, आयलंडला जागा आहे का."

सोमवारी डिशवॉशरचं दार
टेपच्या आत चार इंच गेलं.
मंगळवारी कॉडचा ट्रे ओव्हनमधून काढताना
मी तिला धडकलो,
आणि दोघंही चुकून
त्या नसलेल्या ओट्याला सॉरी म्हणालो.
कुत्रा मात्र पहिल्या दिवसापासून
कडेकडेनं जायचा.

बाबांना सांगायचं राहिलं.
ते वॉकर ढकलत थेट मधोमध आले,
थांबले. "हे काय?"
"बेट," मी म्हणालो. दुसरा शब्द सुचला नाही.

न्यूफाउंडलंडच्या सरकारनं त्यांचं बेट रिकामं केलं
तेव्हा बाबा बारा वर्षांचे होते.
घर रिकाम्या पिंपांवर तरंगवत,
होड्यांनी ओढत या किनाऱ्याला आणलं.
हेच घर.
केटली म्हणे शेगडीवरच होती,
आणि याच सिंकवरच्या खिडकीतून
ते मागं बघत राहिले,
धुकं येईपर्यंत.

बाबांनी टेपच्या चारी कडा पाहिल्या.
"एवढंसंच? होडी कुठं बांधणार?"

शुक्रवारी शेवटचं मोजलं.
टेप आणि फ्रिजमध्ये एकोणतीस इंच.
वॉकर जातो,
वळत नाही.
व्हर्नाने काही न बोलता वही मिटली,
ग्रॅनाइटचे नमुने दुकानात परत दिले.

टेप अजून तशीच आहे.
एक कोपरा उचकटलाय.
आत खुर्ची टाकून बाबा सकाळचा चहा घेतात.
कुत्रा वळसा घालून जातो.