नववा रकाना

ओपीडीच्या फॉर्मवर नववा रकाना:
घरात कुणाला मानसिक आजार? आई, वडील, भावंडं.
पेनला दोरी बांधलेली, दोरी आखूड,
म्हणून वाकूनच लिहावं लागतं.

रक्ताचं विचारत असाल तर
कोरं सोडते.
मला आणलं तेव्हा मी साडेचार महिन्यांची.
सोबत एक झबलं, एक लशीचं कार्ड,
कार्डावर आईच्या नावापुढे आडवी रेघ.
त्या रेघेला रात्री झोप लागायची का,
मला ठाऊक नाही.

घरातलं विचारत असाल तर
दोरी पुरायची नाही.

श्रीरंग भोकरे, माझे बाबा.
पानशेत फुटलं तेव्हा नऊ वर्षांचे.
नारायण पेठेतला जिना, पाणी सहाव्या पायरीला,
आणि त्यांच्या बोटांत धाकट्या भावाची बोटं.
पुढचं त्यांनी कधी सांगितलं नाही.
आत्याने सांगितलं, तेही अर्धंच,
चहा उतू जातोय म्हणून उठली
ती उठलीच.

मग गोखलेनगर, निसन हट.
पत्र्यावर पाऊस वाजला की त्यांची आई
रात्री दोनला सगळ्यांना उभं करायची,
एकेकाचं नाव घ्यायची. हजर. हजर.
एका नावाशी थांबायची,
मग पुढचं.
मी त्या घरात बावीस वर्षांनी आले.
तो थांबा मलाही पाठ आहे.

आमच्याकडे मुलांना मनगटाला धरतात.
का, ते कुणी कधी बोललं नाही.
लक्ष्मी रोडवरून घरी आलं की
हातावर चार लाल वळ असायचे, तेवढंच.
फ्लॅट घेतला तो तिसऱ्या मजल्यावर,
लिफ्ट नाही, आईचे गुडघे तेव्हाच गेलेले.
रेशनकार्ड, दाखले, माझं दत्तकपत्र
माळ्यावर, दुधाच्या पिशव्यांत, गाठ मारून.
झोपताना चपला पलंगाशी, तोंड दाराकडे.
बाबा गेले त्या पहाटेही
चपला तशाच होत्या, निघायच्या तयारीत.

डॉक्टर बागवान सावकाश बोलतात.
म्हणतात, सगळं काही रक्तातूनच येतं असं नाही,
ज्या घरात वाढलात त्या घराचं जागरणही
अंगात उतरतं.
उतरलं म्हणजे राहायलाच आलं, असंही नाही.
मी मान डोलावते.
खुर्चीखाली माझ्या चपला,
तोंड दाराकडे.

नववा रकाना घरून भरून आणते, म्हटलं.

गेल्या बुधवारी फोनवर मेसेज:
खडकवासल्यातून विसर्ग वाढवला आहे,
नदीपात्रातल्या गाड्या काढून घ्या.
अख्खं गाव कणसं खात पुलावर, पाणी बघायला.
मी रात्री दोनला उठून मोजलं.
नवरा, कृतिका, आणि
एक जण कमी भरला.
घरात आम्ही तिघंच आहोत.

दुसऱ्या दिवशी जिन्यात आवाज.
कृतिका, वय आठ,
तळमजल्यावरच्या मोडकांच्या पोराला वर आणतेय.
तो रडकुंडीला आलेला, बोट धर ना, बोट धर.
नाही, म्हणते ही, बोटं सुटतात.

मी वरच्या पायरीवर, हातात दळणाचा डबा.
हे वाक्य माझं नाही.
बाबांनीही कधी उच्चारलं नव्हतं.
साठाहून जास्त वर्षं ते मुकं होतं या घरात,
तिच्या तोंडी येऊन बोललं.

काल कर्वे रोड ओलांडताना मी तिला
नुसती दोन बोटं दिली.
तिने वर पाहिलं. मनगट पुढे केलं, सवयीनं.
म्हटलं, आज असं जाऊ.
सिग्नल पडला, एक रिक्षा तरीही घुसली,
तिची बोटं घामट, माझी त्याहून,
किती लहान असतं बोट, मी पहिल्यांदाच मोजत होते.
दुभाजकापर्यंत पोचलो.
तिथून पुढे नाही जमलं,
मनगटच धरलं.

वळ उठला का, घरी येऊन पाहिलं.
फिकट होता. जेवणं होईपर्यंत गेला.

फॉर्म अजून पर्समध्ये आहे,
दुधाच्या पिशवीत, गाठ मारून.
गाठ मी कधी मारली, आठवत नाही.
उद्या साडेपाचला पुन्हा कर्वे रोड,
तिचा चित्रकलेचा क्लास पलीकडच्या बाजूला आहे.