कवळी

लवूच्या साखरपुड्याला
आचऱ्याची माणसं मंडपात रांगेनं बसली होती,
बाबा नव्या दातांनी
एकेकाला या, या म्हणत होते,
आणि मी, हातात सरबताचा ट्रे,
सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले:
"बाबा, हसा नको हां,
पाव्हण्यांक वाटतलां मोरी वर इली!"

मंडप हसला.
नवरीची आजी तर पदर तोंडात कोंबून हसली.
बाबाही हसले,
फक्त हसण्याच्या आधी त्यांचा हात
तोंडावर पोचला होता.

अल्बममध्ये सतरा जागी ते तसेच उभे आहेत,
शिंक अडवल्यासारखे.

दुसऱ्या दिवसापासून कवळी
कपाटावर, स्टीलच्या पेल्यात.
भात कालवणात चेपून चेपून गिळायचे.
कुर्लीचा डेंगा माझ्या ताटात सरकवायचे,
"तू खा गो."

मी कुडाळहून चिकटवायची पेस्ट आणली,
दुकानातली सगळ्यात महाग.
ती पेल्याशेजारी राहिली, टोपणही न उघडता.
फोनवर म्हटलं, सॉरी बाबा.
"कसला?" म्हणाले,
आणि बांगड्याचा भाव सांगू लागले.

मग एका रविवारी आई, भांडी घासता घासता,
मान वर न करता:
"दात खावक नाय घेतल्यानी त्येनी.
शीळ घालूक घेतल्यानी."

शीळ.
रापण ओढताना दोन्ही दोरांची माणसं
जिच्यावर टाचा रोवायची,
जी पार खडपापर्यंत जायची
आणि तिन्हीसांजेला आम्हांला पुळणीवरून घरी वळवायची.
एक वाजली तर लवूला,
दोन वाजल्या तर मला.
पुढचे दात पडले त्या वर्षी
आम्हांला वाटलं, बाबा वयानं शांत झाले.

त्या रात्री जेवण आटोपून
ते सुरूच्या बनापलीकडे गेले. मागोमाग मी.
लेंग्याच्या खिशातून रुमाल,
रुमालातून कवळी.
दोन बोटं जिभेखाली.
फुस्स.
परत. फुस्स, आणि थुंकी.
तिसऱ्यांदा कवळीच उडाली वाळूत.

मी हसले नाही.
खरं सांगते, आलं होतं हसू.
माझ्या बत्तीसच्या बत्तीस दातांखाली
दाबून धरलं.

मोबाइलच्या उजेडात
आम्ही दोघं ओणवी, पुळण चाचपत:
शिंपले, जाळ्याचा तुकडा, कुणाची तरी एक चप्पल,
उजेडाला बिचकून आडवी पळालेली कुर्ली.
मला सापडली.
लाटेत धुतली,
फटीफटीतली रेव नखानं काढली,
आणि दोन्ही हातांत धरून आणली.

त्यांनी बसवली. जीभ फिरवली.
"खारट."
मग, तोंडावर हात न नेता,
"मोरी कदी शीळ घालता काय गो?"

"घालतली," मी म्हटलं. "आधी ओठ ओले करा."

दोन बोटं.
फुस्स, फुस्स,
आणि एका फुस्सच्या शेपटीला
टाचणीएवढा आवाज लागला.

एकच वाजली.
एक म्हणजे लवू.
तरी मी उठले,
कपड्यांची वाळू झटकली.